गुलाबी रंगाची भीती

मला पालीची भीती वाटत नाही. लिफ्ट अडकली तर मी आतल्या लोकांना किस्से सांगत बसते, आणि लिफ्ट सुरू झाली की दोघंतिघं जरा नाराजच होतात. दातांच्या डॉक्टरसमोर मी असा जबडा उघडते की तोच बिचारा मागे सरकतो. मला भीती वाटते ती गुलाबी रंगाची.

हसू नका. दर रविवारी सकाळी आमच्या बोरिवलीच्या घरात मी जेवणाच्या टेबलावर करंगळीएवढी काचेची कुपी ठेवते. तिच्यात टाकीतलं पाणी घ्यायचं, वर औषधाचे मोजून थेंब टाकायचे, मग चिमूटभर पांढरी पूड. झाकण लावून कुपी हलवायची आणि थांबायचं. पाणी हळूहळू रंग धरायला लागतं. सोलकढीत नारळ जास्त पडला तर जसा दिसेल तसा फिकट रंग आला, तर आमच्याकडे पोहे होतात. सोलकढी बरी जमल्यासारखा दिसला, तर पोहे होतात पण मी बोलत नाही. आणि नुसतं कोकमाचं आगळ ओतल्यासारखा लालबुंद आला, तर पोह्यांचं नाव काढायची कोणाची हिंमत होत नाही.

तो रंग नायट्रेटचा. मासा खातो, खाल्लेलं बाहेर टाकतो, थोडं सांडतो. सांडलेलं कुजतं. ते कुजलेलं जिवाणू खातात आणि त्यांचं सगळं खाऊन झाल्यावर मागे जे उरतं ते नायट्रेट. खऱ्या समुद्रात त्याचं कोणाला काही वाटत नाही, समुद्र केवढा! पण माझा समुद्र साडेतीन फूट लांब आहे आणि हॉलच्या भिंतीला टेकवून ठेवलाय. त्यातून बाहेर जायला वाट नाही. जे आत पडलं ते आतच राहतं, दिसत नाही, वास येत नाही, पाणी स्वच्छच दिसतं. म्हणून तर भीती. कुपीखेरीज ते कोणी सांगत नाही.

माझं माहेर चेंबूरचं, शाकाहारी. मासा मी आयुष्यात पहिल्यांदा जवळून पाहिला तो लग्नानंतर, सासूबाईंच्या विळीवर. पुढे मी मासे खायला शिकले आणि त्यानंतर कधीतरी, का कोण जाणे, पाळायला. टाकीत केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन जोकर मासे आहेत, नवराबायको. बायको मोठी, नवरा लहान आणि तिच्या मागेमागे. आमच्या घराशी काही साम्य दिसलं तर तो योगायोग समजावा. एक मासा दिवसभर वाळू तोंडात घेऊन चूळ भरल्यासारखा थुंकत असतो. चार शंख आहेत. आणि मधल्या दगडावर होतं ते प्रवाळ.

दुकानदार त्याला झेनिया म्हणतो. मऊ, फिकट, जाडसर दांडे आणि प्रत्येक दांड्याच्या टोकाला बोटांचे झुपके. ते झुपके स्वतःहून मिटतात, उघडतात, मिटतात, उघडतात. वारा नाही, लाट नाही, तरी सारखं चालू. पहिल्यांदा बघणाऱ्या माणसाला वाटतं, कोणीतरी लहान लहान हातांनी आपल्याला जवळ बोलावतंय.

सासूबाईंनाही तेच वाटलं होतं.

त्या मालवणाजवळच्या गावातून लग्न होऊन मुंबईत आल्या, मिलमध्ये काम करणाऱ्या नवऱ्याच्या मागोमाग. बोलण्यात मला जर कोणी टक्कर दिली असेल तर त्यांनीच. दुपारी आम्ही दोघी गजाली करायला बसलो की माझा नवरा टीव्हीचा आवाज वाढवायचा आणि मग हरून टीव्ही बंद करायचा. सासरे गेले आणि त्या बोलायच्या थांबल्या. रडल्या नाहीत, जेवणं सोडलं नाही, फक्त बोलणं बंद. हॉलमधल्या खुर्चीत बसायच्या. चहा हवा का, तर मान हलायची. पंखा लावू का, तर मान हलायची. दुपारी जेवायच्या आधी मात्र उठायच्या आणि पानातला पहिला घास बाल्कनीच्या कठड्यावर ठेवायच्या, सासऱ्यांच्या नावाने. कावळा येईपर्यंत तिथेच उभ्या. कावळ्याच्या आधी कबुतरं यायची. मग त्यांना खोकला लागला, छातीच्या डॉक्टरांनी कबुतरांच्या विष्ठेवर एक व्याख्यान दिलं, आणि नवऱ्याने माणूस बोलावून बाल्कनीला वरपासून खालपर्यंत जाळी मारून घेतली. त्यांनी काही विचारलं नाही. आम्हीही काही सांगितलं नाही. खोकला गेला, आणि तो घासही गेला असं आम्ही समजलो.

त्यांची खुर्ची टाकीसमोर होती, कारण हॉलमध्ये दुसरीकडे जागाच नव्हती. एका दुपारी मी स्वयंपाकघरात होते आणि बाहेरून आवाज आला.

"कित्याक बोलवतास रे माका? मिया खय येव?"

मी हातात डाव घेऊन दारात. नवरा अर्ध्या गालाला साबण फासून बाथरूमच्या दारात. सासूबाई काचेला नाक लावून त्या हलणाऱ्या हातांशी बोलत होत्या. किती महिन्यांनी तो आवाज ऐकला! आम्ही दोघं पुतळ्यासारखे उभे. हललो तर तो आवाज परत जाईल की काय, असं वाटत होतं.

मग त्या रोज बोलू लागल्या. आधी हातांशी, मग जोकर नवराबायकोशी, मग हळूहळू माझ्याशी. "ही बायल बघ गो, घोवाक जेवूक देणा नाय," इथपर्यंत गाडी आली, तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले आणि नवरा मागून येऊन म्हणाला, "ऐक. काहीही कर, पण ही टाकी मरता कामा नये."

त्या दिवसापासून मी घाबरायला लागले. त्याआधी टाकी माझा छंद होती.

आणि नेमका त्यानंतरच रंग चढायला लागला.

पहिल्या रविवारी मी म्हटलं, पूड जास्त पडली असेल. दुसऱ्या रविवारी पूड नीट सपाट करून घातली. सोलकढी दाट झाली. मी माशांचं खाणं निम्म्यावर आणलं. पाणी बदललं. आता पाणी बदलणं म्हणजे काय ते ऐका. आमच्या बाथरूममध्ये फिल्टरच्या पाण्याचा एक ड्रम असतो, त्यात समुद्री मीठ ढवळून ठेवलेलं असतं. म्हणजे माझा नवरा गेली कित्येक वर्षं समुद्राशेजारी एका पायावर उभा राहून आंघोळ करतो. टाकीतलं पाणी नळीने बादलीत उतरवायचं, ड्रममधलं पाणी बादलीने टाकीत चढवायचं. बादल्या नवरा उचलतो, सूचना मी देते.

"सांडतंय, सांडतंय!"

"मग ये ना, तू उचल."

"माझी कंबर."

"आणि माझी काय भाड्याची आहे?"

खुर्चीतून सासूबाई: "भांडा नको रे, मासे बघतत."

एवढं करून पुढच्या रविवारी रंग आणखी लाल. मी नवऱ्याला बेडरूममध्ये नेलं आणि दार लावलं.

"खरं सांग. टाकीत काय टाकलंस?"

"मी कशाला टाकू?"

"खारी?"

"अगं, मला खारी मिळत नाही या घरात, माशांना कुठून देऊ?"

मी फिल्टर उघडून धुतला. वाळू हलवली. शंख मोजले, एखादा आत मेला असेल तर. सगळे होते, आणि सगळे माझ्याकडे तुच्छतेने बघत होते. मी आता दिवसातून चार वेळा प्रवाळाचे हात बघायला लागले. मिटतायत, उघडतायत. मिटतायत, उघडतायत. पण पूर्वीपेक्षा सावकाश, की मलाच तसं वाटतंय? भाजी नीट करता येईना. कढईत फोडणी घालायची आणि पळत येऊन हात बघायचे. मिटतायत. उघडतायत ना? उघडले. परत स्वयंपाकघर. तोवर मोहरी काळी.

मालाडला जिन्याखाली एक दुकान आहे, तिथल्या दुकानदाराला मी फोन केला. अतिशय गोड माणूस. फोन केव्हाही उचलतो आणि काय झालं ते सांगायच्या आधीच हळहळतो.

"अरेरेरे. ताई, जास्त घालताय तुम्ही खायला."

"चिमूटभर घालते रे. त्यातही निम्मं केलं."

"मग वोडका द्या."

"मला?"

"टाकीला! मोजून थेंब. बॅक्टेरियाला दारू लागते. ती पिऊन ते वाढतात आणि वाढताना नायट्रेट खातात. चखना समजा ना. पण हळू हां ताई, एकदम नाही. एकदम दिलीत तर बॅक्टेरिया माजतील, माशांची हवाही खातील, वाट लागेल."

मी चकित झाले, पण चार जणांना विचारलं आणि चौघांनीही तेच सांगितलं. माझ्या नवऱ्याने त्या संध्याकाळी ज्या उत्साहाने बाटली आणली, तो उत्साह त्याने बादल्या उचलताना कधी दाखवला नव्हता. "विज्ञानासाठी," तो म्हणाला. मी बाटली देवघराच्या वरच्या कपाटात ठेवली, कारण तिथे त्याचा हात पोहोचत असला तरी धजत नाही.

दुसऱ्या सकाळी मी आंघोळ करून, केस बांधून, सुई काढलेल्या इंजेक्शनच्या नळीत थेंब भरून घेतले आणि टाकीपुढे उभी राहिले. थोडं नाटक माझ्या अंगातच आहे. हात उंच धरून मी एकेक थेंब सोडत होते. सासूबाई खुर्चीतून बघत होत्या.

"ह्या काय गो?"

"औषध आहे, आई. टाकीसाठी."

त्यांनी मान पुढे करून वास घेतला. "माका म्हायत आसा ह्यो वास." आणि गालात हसल्या. मग माझ्या पाठीवरून हात फिरवला. "बरा केलंस हां. बरा केलंस."

मला भरून आलं. सासूने सुनेच्या विज्ञानाला आशीर्वाद दिला, असं मी नवऱ्याला रंगवून सांगितलं.

त्यानंतर भीतीचा खरा अंक सुरू झाला. मी थेंब घालत होते, अगदी नियमाने, आणि कुपी खाली यायचं नाव घेईना. आगळ. शुद्ध आगळ. काचेवर तपकिरी शेवाळ धरायला लागलं. मी सकाळी पुसायची, संध्याकाळी परत. वाळू थुंकणारा मासा थुंकायचा थांबला आणि कोपऱ्यात बसून राहिला. पाण्याला अगदी हलका दुधी रंग आला. नवरा म्हणाला, चष्मा पूस. मी चष्मा पुसला. रंग तिथेच होता. आणि या सगळ्यात सासूबाई मात्र खुशीत! दुपारी जेवायच्या आधी टाकीशी गप्पा, जेवताना गप्पा. मी त्यांच्याकडे बघायची आणि वाटायचं, यांना कुठे माहीत आहे, काय जातंय ते.

शनिवारी दुपारी मी आतून हॉलमध्ये आले आणि टाकी पांढरी होती.

दुधी नाही, पांढरी. ताकासारखी. मागचा दगड दिसत नव्हता. जोकर नवराबायको दोघंही वर, पाण्याच्या अगदी कडेला, तोंडं उघडून श्वास ओढत होते. आणि मधल्या दगडावरचे हात थांबले होते. मी काचेला कपाळ लावून बघितलं. मिटलेले. सगळे मिटलेले, आणि काही दांडे तर मेणबत्ती वितळावी तसे खाली ओघळलेले.

मी ओरडले की नाही, मला आठवत नाही. नवरा म्हणतो, खालच्या मजल्यावरची बेल वाजल्यासारखा आवाज आला. तो झोपेतून उठून आला, टाकी बघितली आणि म्हणाला, "वाट लागली, यार." मग आईकडे बघून गप्प झाला. सासूबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. त्यांना पांढरं पाणी दिसत होतं, पण त्या बघत होत्या ते वर आलेल्या माशांकडे.

"भूक लागली तेंका," त्या म्हणाल्या. "बघ कशे तोंडां उघडतत."

"भूक नाही, आई. श्वास मिळत नाहीये त्यांना."

त्या माझ्याकडे बघायला लागल्या आणि मी नजर वळवली. हवेचा पंप काढला, वीज गेली तर असावा म्हणून घेतलेला, तो पाण्यात सोडला. नवरा सांगायच्या आधीच बादल्या आणायला पळाला. मी पाणी उतरवायची नळी घेतली आणि मागच्या दगडाच्या पलीकडे खुपसली, जिथे माझा हात सहसा जात नाही, कारण तिथे काही नसतं.

तिथे होतं. नळीतून आधी काळपट गाळ आला. मग भात. फुगलेली, पांढरट, निम्मी विरघळलेली शितं, ओंजळभर तरी. मग एक काटा. वाटलं, कुठला मासा मेला. मोजले. सगळे होते. आणि मग नळी मध्येच तुंबली, मी ती झटकली आणि बादलीत टपकन काहीतरी पडलं. मी बोटाने उचललं.

तिरफळ.

फुटलेलं, काळं, बांगड्याच्या तिखल्यात घालतात ते तिरफळ. जगातल्या कुठल्याच समुद्रात तिरफळ उगवत नाही. ते आमच्या कढईत उगवतं, दर शुक्रवारी.

मी गुडघ्यांवर बसलेली, हातात तिरफळ. नवरा बादली धरून उभा. दोघांनीही एकाच वेळी मान वळवली.

"काय झाला?" सासूबाई म्हणाल्या. "ह्येंचो घास तो."

"बाबांचा?" नवऱ्याने विचारलं.

"मगे कोणाचो? जाळी मारल्यात तुमी. कावळो येवचो खयसून? मिया खय टाकू घास, गटारात? हय हात हलवून बोलवतत, तर मिया तेंका दितंय." मग माझ्याकडे बोट दाखवून, "हिका ठावक आसा. हिणां स्वताच दारू घातल्यान ना ह्येंका. मिया म्हटलंय, सुनेक कळला. मगे दारू दितत तर सोबत काय तरी नको? तेवांपासून वायच जास्ती घालूक लागलंय."

सांगते तुम्हाला, हातातलं तिरफळ हातातच राहिलं आणि मला एकेक उलगडत गेलं. कोकणात घरातल्या गेलेल्या माणसाला त्याच्या आवडीचं सगळं ठेवतात, मासा ठेवतात, आणि तो घेत असेल तर घोटभर दारूही. सासरे घेत. रविवारी, मोजून. मी टाकीपुढे न्हाऊन, हात उंच करून थेंब सोडत होते, आणि या बाई खुर्चीत बसून बघत होत्या की सून सासऱ्याचा मान ठेवते आहे. म्हणून पाठीवरून हात फिरवला होता. म्हणून दुसऱ्या दिवसापासून घास मोठा झाला. दुकानदाराने चखना म्हटलं होतं आणि चखना खरोखरच येत होता, बांगड्याच्या तुकड्यासकट.

त्यांनी बादलीतल्या शितांकडे बघितलं. मग ओघळलेल्या दांड्यांकडे. हुशार बाई आहेत. मी काही समजावण्याआधी त्यांच्या चेहऱ्यावर ते आलं.

"म्हणजे मिया मारलंय तेंका?"

"नाही गं आई," नवरा घाईघाईने म्हणाला, "ते हिच्या वोडकामुळे."

"हो, माझ्यामुळेच," मी म्हटलं. "मीच जास्त घातली."

"गप रवा दोघांय," त्या म्हणाल्या. "खोटा बोलूचा तर नीट बोलूक शिका."

आणि उठून आत गेल्या. ते त्या दिवसाचं शेवटचं वाक्य.

आम्ही संध्याकाळपर्यंत बादल्या चढवल्या-उतरवल्या. ड्रम संपला, नवा ढवळला. जोकर हळूहळू खाली उतरले, आधी ती, मग तिच्या मागून तो. वाळूवाल्याने कोपरा सोडला. पण झेनियाचे दांडे माझ्या हातात लगदा होऊन आले. मी ते काढून टाकले, एकेक, पाठ सासूबाईंच्या खोलीच्या दाराकडे करून. आणि कान त्याच दाराकडे लावून. चहा हवा का? मान. जेवणार ना? मान. पंखा लावू? मान.

टाकीतलं संकट मला कळत होतं, त्याला नळी होती, पंप होता, मीठ होतं. या मानेला काय करायचं? नवरा बाल्कनीत जाऊन जाळीकडे बघत उभा होता. "कापू का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, खोकला. तो आत आला. मग परत गेला. माणूस घाबरला की असाच जागच्या जागी चालतो.

दुसऱ्या दिवशी रविवार. रंग अपेक्षेप्रमाणे लालच, पण किंचित उतरलेला. मी कुपी घेऊन बसले होते आणि मागून चपलांचा आवाज आला. सासूबाई. त्यांनी टाकीत बघितलं, मधल्या रिकाम्या दगडाकडे बराच वेळ. मग हात पुढे केला.

"तेंका काय घालतंस तू, तो डबो दी."

मी माशांच्या खाण्याचा डबा दिला. त्यांनी झाकण उघडून वास घेतला आणि नाक मुरडलं. "शी. ह्या खातत?"

"हेच खातात, आई. बाकीचं त्यांना पचत नाही."

"ह्येंकाय पचायचा नाय. डॉक्टरान बांगडो बंद केलो तेवांय चोरून खायत." त्यांनी चिमटीत दाणे घेतले. "इतक्या?"

"निम्मे."

"इतक्या?"

"अजून कमी."

"एवढोसो घास?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू सासऱ्यांना मीच उपाशी ठेवते आहे. पण तेवढेच दाणे घेऊन त्या टाकीपाशी गेल्या, पदर डोक्यावरून घेतला आणि काचेला म्हणाल्या, "ऐकलास काय? इतकी वर्सां माझ्या हातचा खाल्लास. आता डब्यातला खावचा लागतला. तक्रार करू नको. सुनेक रंग बघूचो आसता."

जोकर बायकोने पुढे येऊन निम्मे दाणे पटकावले. "ही बघ मेली!" सासूबाई खेकसल्या.

मी स्वयंपाकघरात गेले आणि पोहे भिजवले. रंग लाल असताना. नवऱ्याने डोळे मोठे करून बघितलं आणि कांदा चिरायला घेतला.

तेव्हापासून टाकीत दिवसातून एकदाच खाणं पडतं, दुपारी, जेवायच्या आधी, आणि ते त्याच घालतात. वोडका मी बंद केली. बाटलीची पातळी उतरत असल्याचा मला संशय आहे, पण विज्ञान माझ्या हातून सुटलं असलं तरी कोणीतरी ते पुढे चालवत असणार. सासऱ्यांच्या तिथीला एक थेंब, माझ्या देखरेखीखाली, असं सासूबाईंनी माझ्याकडून कबूल करून घेतलंय. दोन मागितले होते.

हात गेले ते गेले. मधला दगड अजून उघडा आहे. पण मागच्या काचेवर, जिथे तो घास पडायचा त्याच्या जरा वर, एक दांडा चिकटून राहिला होता, नखाएवढा. तो मिटलेलाच होता, किती तरी दिवस. मी त्याच्याकडे बघायची सोडली होती, भीतीने. सासूबाई बघत होत्या. काल त्यांनी हाक मारली, "गो, हय ये. एक हललो." मी धावले. मला काही दिसलं नाही. त्या म्हणतात, हललो. मी थांबले, बराच वेळ. मला दिसलं नाही.

आज रविवार. कुपी टेबलावर आहे, थेंब घातले, पूड घातली. हलवायचं काम आता सासूबाईंकडे आहे. ते त्यांनी स्वतःहून मागून घेतलं. "माझो हात तसोय थरथरता, दी हय," म्हणाल्या. आणि खरंच, माझ्यापेक्षा छान हलते त्यांच्या हातात कुपी, न थांबता. आम्ही दोघी शेजारी बसलोय, नवरा दाराशी.

पाण्याने अजून रंग धरलेला नाही.